हाकेला ओ देणारी ओळ

कापडगिरणीतले विणकामाचे चारशे बारा नमुने एका तक्त्यात झोपलेले होते. तक्त्यात चित्र मात्र एकही नव्हते. प्रत्येक ओळ म्हणजे अवतरणचिन्हांच्या दोन टोकांमध्ये आडवा पडलेला मजकूर: वर्तुळे, बाण, उलटे त्रिकोण, आकडे, मध्येच एखादे एकटे अक्षर. हे नमुने लिहिणाऱ्या मामांनी संगणकाच्या ज्या भाषेत उभे आयुष्य काढले, तिच्यात एका चिन्हाने हजारो घरांचा तक्ता पालथा होई, तर दुसऱ्या चिन्हाने त्यातली प्रत्येक रांग आपापल्या परीने फिरे. वाचायचे उजवीकडून डावीकडे. आणि या सर्व चिन्हांहून वेगळे असे एक चिन्ह होते, आडव्या रेघेवर उभी काठी आणि काठीला अडकलेला गोल. पुस्तकात त्याला भारदस्त नाव होते. मामा त्याला 'हाक' म्हणत.

"अवतरणात आहे तोवर नुसता मजकूर," भाचीला शिकवताना ते म्हणाले होते. "मोज, उलट, काप, काही कर, त्याला पत्ता नाही. हाक मारलीस की डोळे उघडतो आणि ओ देतो. मग तो मजकूर राहत नाही, काम होतो."

तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढे तीही याच विद्येवर पोट भरू लागली, आणि छत्तिसाव्या वर्षी एका सोमवारी त्याच गिरणीच्या वरच्या मजल्यावर, मामांच्याच खुर्चीत, मामांचे काम मिटवायला बसली. तिला बोलावले होते ते नव्या व्यवस्थापकांनी. त्यांना सगळे नुसते 'साहेब' म्हणत.

साहेब वाईट माणूस नव्हते; पोळलेले होते. आधीच्या नोकरीत कुणीतरी निरुपद्रवी दिसणाऱ्या मजकुरातून एक हुकूम आत सोडला होता आणि यंत्राने त्याची इमानेइतबारे अंमलबजावणी करत स्वतःला धुऊन पुसून कोरे केले होते.

"मजकूर म्हणून आलेली गोष्ट हुकूम म्हणून चालवायची, हा कसला कारभार?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले. "उद्या कुणी आगकाडीला हाक मारेल. मला चित्रं द्या. प्रत्येक ओळ दोनदा चालवा. दोन्ही वेळा तेच चित्र आलं की नव्या यंत्रात टाका. जुनं शुक्रवारी बारा वाजता बंद."

शुक्रवार हाच मामांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. त्या सकाळी माग पुन्हा सुरू व्हायचे होते. वर्षातून एकदा सारे माग उघडून साफ करत, आणि जोडणी झाली की पहिले कापड नेहमी चारशे अकराव्या ओळीचे विणत. हे चाचणीचे कापड. त्यात उभे धागे उचलणारा मागाचा एकूणएक हूक हलला पाहिजे. विणून झाले की त्याचे तुकडे करून कामगारांना पुसण्यासाठी वाटत. मामा त्या सकाळी मागापाशी उभे राहत आणि कापड उतरेपर्यंत कुणाशी बोलत नसत. यंदाही त्यांना तिथे उभे राहायचे होते, आणि यंदा त्याला घाई होती. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग विझला होता. उरल्या होत्या कडा. ज्याच्याकडे पाहायचे त्याच्यापासून तोंड फिरवून ते पाहत. नवख्याला वाटे, म्हातारा रुसला. डॉक्टरांनी सांगितले होते की वर्षभरात कडाही जातील.

मंगळवारी दुपारपर्यंत एक सोडून बाकी सगळ्या ओळी निमूटपणे जुळल्या. तिचा पडताळणीचा प्रोग्राम चित्रे दाखवत नसे. नुसता 'जुळते' किंवा 'जुळत नाही' एवढेच म्हणे. चारशे अकराव्या ओळीला तो म्हणाला, 'जुळत नाही'.

तिने पुन्हा हाक मारली. जुळत नाही. यंत्र बंद करून सुरू केले, स्मृती साफ केली, वायर बदलली, आणि दर वेळी, घशात अडकलेल्या घासासाठी पाठीवर थाप मारावी तशी, त्या ओळीला हाक मारली. किती वेळा? तिने मोजले नव्हते. तपासणीच्या हाका कोण मोजतो? आदल्या संध्याकाळी केलेली प्रत होती, पण ती प्रत करण्याआधीच तिने ही ओळ सवयीने बऱ्याचदा चालवून पाहिली होती. आणि इथली प्रत नेहमी जुन्या प्रतीवरच चढे, त्याहून जुनी उरत नसे.

शेवटी तिने ते केले, जे सर्वांत आधी करायला हवे होते. पेन्सिल घेतली आणि ओळ वाचली.

ओळ म्हणायची खरी, पण कागदावर उतरवली तर चार पाने भरली असती. सुरुवातीची सगळी पाने म्हणजे घट्ट बांधलेला अक्षरांचा गठ्ठा: काळ्या-पांढऱ्या घरांची एक अवस्था. तिच्या मागे, डावीकडे, जेमतेम बोटभर चिन्हे. ती चिन्हे गठ्ठा सोडत, अवस्था मागाकडे धाडत. मग ती पालथी करत, तिची प्रत्येक रांग स्वतःच्या क्रमांकाइतकी सरकवत, दर धाग्याला त्याच्या आधीच्या धाग्यांशी ताडून नवा रंग देत. इथवर ठीक होते. पण अगदी डावीकडे, म्हणजे सर्वांत शेवटी, ती चिन्हे ही नवी अवस्था पुन्हा अक्षरांत बांधत होती, तिच्या मागे स्वतःलाच जोडत होती, दोन्ही टोकांना अवतरणचिन्हे लावत होती, आणि तो सगळा मजकूर तक्त्यात चारशे अकराव्या जागी, स्वतःच्याच जागी, ठेवून निघून जात होती.

तिच्या हातातली पेन्सिल कागदावर नुसती टेकून राहिली. ओळ चुकत नव्हती. ओळ चालत होती. प्रत्येक हाकेसरशी ती एक पाऊल पुढे गेली होती, आणि मागचे पाऊल स्वतःच पुसत गेली होती.

दिवेलागणीला ती मामांकडे गेली तेव्हा ते धुतलेले कपडे हाताने चाचपून घड्या घालत होते.

"मामा, चारशे अकरावी ओळ."

"कळलं तर तुला!" त्यांनी खिडकीकडे तोंड वळवले, म्हणजे ते तिच्याकडे पाहत होते.

"सांगितलं का नाहीस कधी?"

"विचारलं कुणी? सव्वीस वर्षं लोकांनी त्या कापडांनी हात पुसले. एकाने म्हटलं नाही की मागच्या वर्षीचं वेगळं होतं. हूकसुद्धा माणसासारखेच गं, रोजचा रस्ता असला की झोपेत चालतात. म्हणून दर वर्षी रस्ता नवा. मधोमध एक टिंब टाकलं, नियम लिहिला आणि हात काढून घेतला. पुढचं कधी आधी पाहिलं नाही. विणूनच पाहायचं."

"मी तिला हाक मारली."

"मारणारच. तपासायलाच आली आहेस."

"एकदा नाही मारली."

घडी अर्धवट राहिली. "किती?"

"मोजल्या नाहीत. तीस, चाळीस. पन्नासही असतील."

मामा हातातल्या सदऱ्याची बाही सरळ करत राहिले. ती सरळच होती. "म्हणजे सत्ताविसावं गेलं," ते म्हणाले. आवाजात राग असता तर तिला बरे वाटले असते. "कडा आहेत तोवर एवढं एक पाहीन म्हटलं होतं. पाहायला काय, कापडं ढीगभर पाहिली. पण आपल्याच हातचं आणि तरी आपल्याला माहीत नसलेलं, असं माणसाला किती वेळा मिळतं?"

मग स्वतःच म्हणाले, "तुझी आई लहानपणी दाराची घंटा नीट वाजते का बघायला बारा वेळा वाजवायची. शेजारी भांडायला यायचे. घराण्याचाच दोष आहे तुझ्यात."

"मामा, तिला मागे नेता येईल?"

"मला काय विचारतेस? वाचलीस ना? तिच्यात असं एक तरी चिन्ह आहे का, की ज्याचं परत घेता येत नाही?"

तिने डोळे मिटून ती बोटभर चिन्हे आठवली. पालथे केलेले पुन्हा पालथे केले की सुलटे. उजवीकडे सरकवलेले डावीकडे सरकते. शेजाऱ्यांशी ताडून दिलेला रंग दुसऱ्या टोकाकडून उसवत नेता येतो. कुठेही बेरीज करून मूळ आकडे टाकून दिलेले नव्हते. कुठेही मोठा ठेवून धाकटा फेकलेला नव्हता.

"नाही," ती सावकाश म्हणाली. "एकही नाही."

"खादाड चिन्ह मी तिच्यात येऊच दिलं नव्हतं," मामा म्हणाले, आणि उरलेली घडी घातली.

बुधवारी तिने आधी ओळीची वेगळ्या नावाने प्रत केली. ठेच लागल्यावरचे शहाणपण. मग उलटी ओळ लिहायला घेतली. प्रत्येक चिन्हाच्या जागी त्याचा उतारा, म्हणजे त्याने केलेले परत घेणारे चिन्ह, ठेवला आणि एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे टाकून पाहिले. मूळ मजकूर परत येईना. सकाळ त्यातच गेली. गाठोड्यावर गाठ, गाठीवर गाठ असली तर शेवटची गाठ आधी सुटते, हे घरातल्या कुणालाही कळते. तिला जेवणाच्या सुट्टीनंतर कळले. उतारे उलट्या क्रमाने लावायचे होते. पुढे जाताना जी ओळ उजवीकडून वाचायची, ती मागे जाताना डावीकडून, आपण रोज वाचतो तशी, वाचायची होती. तिने तसे केले. एक पाऊल मागे, एक पुढे: अक्षर न् अक्षर जुळले.

पण मागे जायचे ते कुठवर? हाकांचा हिशेब कुणाकडेच नव्हता. साक्ष हवी होती, आणि ती खाली मागांच्या दालनात मिळाली, माग जोडणाऱ्या जोडाऱ्याच्या कमरेला खोचलेली.

"जोडारीकाका, हे मागच्या वर्षीचं पुसणं का?"

"हे?" जोडाऱ्याने ते दोन बोटांत उचलून धरले. "ताई, यात कापड कमी आणि तेल जास्त. पिळलंत तर एक माग चालेल दोन दिवस."

"मला द्या."

"घ्या की. पण परत आणा. दुसरं शुक्रवारशिवाय मिळायचं नाही."

तीन वेळा साबण लावल्यावर तुकड्याने रंग दाखवला. नशिबाने तो सुरुवातीच्या काठाचा होता. भिंग लावून तिने पहिल्या बारा रांगांतला धागा न् धागा मोजला, काळ्याला एक, पांढऱ्याला शून्य, आणि ते यंत्राला दिले. मग हुकूम लिहिला: एकेक पाऊल मागे जा, दर पावलाला या बारा रांगांशी ताडून पाहा, जुळले की थांब. काही दाखवू नकोस. कारण सव्विसाव्यापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत सत्ताविसावे लागणार होते, आणि ते आधी पाहण्याचा हक्क तिला नव्हता.

यंत्र अठ्ठेचाळीस पावलांवर थांबले. म्हणजे तिने सत्तेचाळीस हाका मारल्या होत्या. तिथून एक पाऊल पुढे येऊन तिने तो मजकूर, न पाहता, त्याच्या जागी परत ठेवला.

गुरुवारी साहेब वर आले तेव्हा ती एका प्रतीवर मागे मागे चालली होती. होऊन गेलेली कापडे पाहायला कुणाची मनाई नव्हती. सव्विसावे, पंचविसावे, चोविसावे. दालनभर माणसांनी ज्यांना घाम आणि वंगण पुसले ते सगळे तिच्या पडद्यावरून जात होते: त्रिकोणांच्या पोटात त्रिकोण, तुटलेल्या कमानी, दूरच्या गर्दीसारखी बारीक कालवाकालव. जसजसे मागे जावे तसतशी गर्दी विरळ होत गेली. तिसऱ्यात काही तुटक रेघा उरल्या, दुसऱ्यात एकच, आणि पहिल्यात, एवढ्या पांढऱ्या पटावर, मधोमध एक काळे घर.

"हे पहिलं?" साहेब तिच्या पाठीमागून म्हणाले. "हे टिंब?"

"हो. इथून मामांनी सुरुवात केली."

"आणि याच्या आधी?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडले, की याच्या आधी काही नाही. आणि ते मिटले. ओळीला कुठे माहीत होते, की तिचा आरंभ इथे झाला? तिने आणखी एक पाऊल मागे टाकले.

पडदा कोरा झाला नाही. टिंबाच्या मागे नक्षी होती. पूर्ण, काठोकाठ, टिंबाहून कितीतरी जुनी वाटणारी. आणखी एक पाऊल: आणखी एक नक्षी. ही कापडे कुठल्या मागावर चढली नव्हती, कुणाच्या मनात आली नव्हती. मामांनी ते टिंब ठेवले त्या क्षणी, त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या नकळत, ही सारी रांग उभी राहिली होती. एका माणसाने कोऱ्या जमिनीवर पहिले पाऊल टाकावे आणि मागे वळून पाहावे तो क्षितिजापर्यंत त्याचीच पावले उमटलेली असावीत, तसे काहीतरी.

साहेबांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. "हे कुणी काढलं?"

"कुणीच नाही."

"मग आलं कुठून?"

"नियम तोच ठेवला, तर टिंबाच्या आधी हेच असायला हवं होतं, म्हणून."

"आणि असं किती मागे जाता येतं?"

"फिरून कधीतरी आपल्याच जागी येईल, साहेब. घरं मोजकीच आहेत. पण ते 'कधीतरी' वर्षांत मोजायला गेलात, तर नुसता आकडा लिहिताना कागद संपतील."

दोनदा सारखे न आलेले सदोष, हा साहेबांचा नियम. तो त्यांनी उच्चारला नाही आणि मागेही घेतला नाही. उठताना एवढेच म्हणाले, "उद्या मागावरून एक हाक. एकच. आणि बारानंतर मात्र यंत्र बंद, हे ठरलेलं आहे."

शुक्रवारी सकाळी नऊला माग जोडून तयार होते. मामा धुवट सदरा घालून आले होते. जोडाऱ्याने त्यांना मागाच्या कडेला, नेहमीच्या जागी उभे केले.

"या, आजोबा. तोंड कुठे करू तुमचं? भिंतीकडे की दाराकडे?"

"तुझ्याकडे कर. म्हणजे तू दिसणार नाहीस."

दालनात हशा झाला. भाचीने वर यंत्रापाशी उभ्या असलेल्या साहेबांना खालून हात केला. हाक त्यांनीच मारली. हूक सळसळले, उभे धागे फाकले, आडवा धागा त्यांच्यामधून पळाला, आणि फणीने तो ठोकून बसवला. एक रांग. मग दुसरी.

कापड इंचाइंचाने वर येत होते, आणि तिला भीती वाटत होती की ते नुसते गोंधळाचे, करड्या मुंग्यांसारखे निघेल. पहिल्या चार बोटांत तसेच वाटले. मग त्या कालवाकालवीतून एक कड उमटली, तिच्या समोर दुसरी, आणि दोन्ही एकमेकींपासून दूर सरकू लागल्या. त्यांच्या मध्ये पांढरे उघडत गेले. आधी दाण्याएवढे, मग बोटभर, मग तीन बोटे. भोवती गर्दी अधिकाधिक दाट होत होती, पण एक काळा धागा त्या पांढऱ्यात शिरत नव्हता.

मामांनी मान दाराकडे वळवली होती. पापण्या हलत नव्हत्या. उजवा हात ताज्या कापडावर, धाग्यांच्या उष्णतेवर, सावकाश फिरत होता.

"पोरी," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मधे मला काहीच दिसत नाहीये. कडेचं सगळं दिसतंय, मधलंच नाही. डोळा आणखी गेला का?"

"नाही, मामा. तिथं काहीच नाही. कापडच तसं आहे."

"काहीच नाही?"

"पांढरं. तीन बोटं रुंद."

त्यांची बोटे त्या पांढऱ्यावर येऊन थांबली. "म्हणजे मला बरोबर दिसतंय," ते म्हणाले. मग, जणू कुणा तिसऱ्याबद्दल: "हे मला सुचलं नसतं."

दोन्ही कडा पुन्हा जवळ आल्या, पांढरे मिटले, नक्षी संपून पहिल्या रांगेपासून परत सुरू झाली. चाचणीला वीस हात कापड पुरे. जोडाऱ्याचा हात मागाच्या दांड्यावर होता. वीस झाले, तीस झाले, त्याने माग थांबवला नाही, आणि जिन्यावर येऊन उभे राहिलेल्या साहेबांनी थांबव म्हटले नाही.

साडेदहाला मामा तिच्या खांद्यावर हात ठेवून वर चढले. तक्त्यात चारशे अकरावी ओळ आता अठ्ठाविसाव्या कापडाची होऊन बसली होती. नव्या यंत्रात तिला जागा नव्हती. जुन्याच्या छपाईयंत्राला ती चिन्हे येत नव्हती, चिन्हांच्या जागी ते नुसते चौकोन काढी.

"लिहून घे," मामा म्हणाले. "मजकूरच तर आहे. मजकूर कशावरही लिहिता येतो."

"चार पानं आहेत, मामा."

"मग गप्पा मारत बसू नकोस."

तिने पेन्सिलीला टोक केले आणि लिहायला बसली. एक अक्षर पडद्यावर, एक कागदावर. मामा शेजारी बसून पेन्सिलीचा आवाज ऐकत होते. ती अडखळली की "पुन्हा बघ" म्हणत. साहेब दोनदा दाराशी येऊन गेले. दुसऱ्या खेपेस त्यांनी स्वतःच्या मेजावरचे चांगले कागद आणून ठेवले. बाराला दहा मिनिटे असताना ती डावीकडच्या बोटभर चिन्हांसकट सगळा मजकूर, रांगेमागून रांग, दुसऱ्यांदा पडताळत होती. बाराला पाच कमी असताना तिने मान वर केली.

"अवतरण बंद केलंस?" मामांनी विचारले.

तिने पाहिले. राहिले होते. तिने ते लावले.

"केलं."

"मग आता बोल, काय बोलायचंय ते," मामा म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड वळवून तिच्याकडे पाहू लागले.